फुग्यांच्या फळीपासून कॉन्ट्रापर्यंत

वाशीम जिल्ह्यातल्या पोरांची नेमबाजीशी पहिली ओळख यात्रेत होते. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीची यात्रा भरते. अशा यात्रांत पाळण्याशेजारी फुगे लावलेली फळी आणि छऱ्याची बंदूक असतेच. नळी मोडून छर्रा भरायचा, नळी सरळ करायची आणि खांद्याला लावून झाडायची. 4.5 मिलिमीटर नळीच्या आणि 20 ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. जाणता गडी पहिला छर्रा वाया घालवतो, बंदूक कुठल्या बाजूला ओढते ते पाहतो आणि मग तेवढा नेम उलटा धरतो. बक्षीस नसले तरी मागे उभ्या असलेल्यांनी फुगे मोजलेले असतात.

नव्वदच्या दशकात ही चढाओढ घरात आली. गावोगावी मिळणारे टीव्ही गेम म्हणजे बहुतेक जपानच्या निन्टेन्डोने 1983 साली काढलेल्या यंत्राच्या स्वस्त नकला. कॅसेटवर हजारो गेम छापलेले असत. आत मोजकेच गेम नाव आणि टप्पा बदलून पुन्हा पुन्हा येत. काहींसोबत बदके मारायची बंदूकही मिळे. ‘डक हंट’ हा तो 1984चा खेळ. बंदुकीची करामत विलक्षण होती. घोडा ओढताच पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि नळीतला संवेदक तो उजेड टिपे. म्हणजे गोळी बंदुकीतून सुटत नसे, टीव्हीतून बंदुकीत येई.

खरी चुरस मात्र ‘कॉन्ट्रा’ची. कोनामी कंपनीने तो 1987 साली नाण्यावर चालणाऱ्या यंत्रासाठी काढला आणि पुढच्याच वर्षी तो घरगुती कॅसेटवर आला. निळ्या आणि लाल विजारीचे दोन सैनिक एकाच पडद्यावर धावतात. पसरून गोळ्या सोडणारे ‘एस’ हत्यार कुणी घ्यायचे, यावरून भांडण ठरलेले. तिसऱ्या टप्प्यात धबधबा चढताना पुढच्याने घाई केली, तर खाली राहिलेला पडद्याबाहेर जाऊन मरतो. एकाचे जीव संपले, की जोडीदाराच्या शिलकीतून घेता येतात. त्यामुळे खेळ शत्रूशी असला तरी हिशेब सोबत्याशी चाले. यंत्र एक आणि पोरे सहा-सात, म्हणून मेला त्याने रिमोट पुढच्याला द्यायचा, हा नियम. या खेळात डाव जपून ठेवायची सोय नाही. 2005च्या सुमारास भारनियमन वाढले. शेवटच्या टप्प्यावर वीज गेली, की सगळे पहिल्यापासून. वीज जाण्याआधी खेळ संपवणारा गल्लीत मोठा ठरे. ना पंच, ना चषक, ना कुठली नोंदवही. तरीही कोण सरस याबद्दल कुणाला शंका नसे. पुढच्या कित्येक आयोजित स्पर्धांपेक्षा हा निवाडा जास्त चोख होता.

नंतर हीच ईर्ष्या मोबाइलवर गेली. पबजी या गेमवर 2 सप्टेंबर 2020 रोजी बंदी आली, त्याचा भारतीय अवतार 2 जुलै 2021 रोजी आला. आता प्रतिस्पर्धी शेजारी बसलेला नसतो.

ज्यांच्या माळ्यावर ती टीव्ही गेमची बंदूक असेल, त्यांनी सोबतचा जुना डबा टीव्ही भंगारात देऊ नये. आजच्या सपाट पडद्यावर ती चालत नाही.