बार्नस्टॉर्मर्सचा पराभव नक्की कोणाच्या खात्यावर?

सिनॉप्सिस लिहायला बसलात की गाईड पहिला प्रश्न विचारतात, "तुमचं युनिट ऑफ ॲनालिसिस काय?" म्हणजे तुम्ही नेमका कशाचा अभ्यास करणार आहात. ऐकायला सोपं वाटतं. मेथडॉलॉजीच्या पुस्तकात याला दोन ओळींची व्याख्या असते, ती पाठ करून पेट पासही होता येतं. पण प्रत्यक्ष काम सुरू झालं की हाच प्रश्न सगळ्यात जास्त छळतो. आज तो एका खेळाच्या टीमवरून बघू. टीम आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही, आणि ते बरंच आहे; आधीचं प्रेम नसलं की डोकं नीट चालतं.

टीमचं नाव आयोवा बार्नस्टॉर्मर्स. गाव डे मॉइन, अमेरिकेतल्या आयोवा राज्याची राजधानी. खेळ इनडोअर फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच, पण आइस हॉकीच्या रिंकएवढ्या जागेत, छपराखाली. मैदान १०० ऐवजी ५० यार्डांचं, खेळाडू ११ ऐवजी ८. जागा इतकी कमी की स्कोअर क्रिकेटच्या पॉवरप्लेसारखा पळतो.

हा खेळ जिम फॉस्टर नावाच्या माणसाने काढला. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरची मॅच बघताना त्याने एका पाकिटावर मैदानाचा कच्चा आराखडा काढला. १९८७ मध्ये चार टीम घेऊन अरीना फुटबॉल लीग, म्हणजे एएफएल, सुरू झाली. खेळाची खूण म्हणजे गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना ताणलेली जाळी. बॉल तिच्यावर आपटून परत आला तरी खेळ चालूच. फॉस्टरने या खेळपद्धतीवर पेटंट घेतलं, ते १९९० मध्ये मंजूर झालं. हे पेटंट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

याच फॉस्टरने १९९५ मध्ये डे मॉइनमध्ये बार्नस्टॉर्मर्स उभी केली. विमानातून गावोगाव कसरती दाखवत फिरणाऱ्या जुन्या वैमानिकांवरून हे नाव घेतलं, म्हणून हेल्मेटवर वैमानिकाचा गॉगल रंगवलेला. कोच जॉन ग्रेगरी. आणि क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर, ज्याला १९९४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने काढून टाकलं होतं आणि जो किराणा दुकानात रात्री रॅकवर माल लावत होता.

पुढची गोष्ट कदाचित तुम्हाला माहीत असेल. वॉर्नर तीन हंगाम इथे खेळला, १८३ टचडाऊन पास टाकले, मग एनएफएलमध्ये गेला, जानेवारी २००० मध्ये सेंट लुइस रॅम्सकडून सुपर बोल जिंकला आणि २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. त्याच्यावर सिनेमाही आला. आणि इथेच इतिहास लिहिणाऱ्याची गाडी घसरते. बार्नस्टॉर्मर्सवरचं बरंचसं लिखाण हे वॉर्नरच्या चरित्रातलं एक प्रकरण असतं. इनडोअर फुटबॉलने शेकडो खेळाडू पाहिले, त्यातला एक त्या उंचीवर गेला, आणि आपण त्या एकाच्या नजरेने सगळं बघतो. सर्व्हायव्हरशिप बायसची व्याख्या परीक्षेत लिहायची असेल तर हे उदाहरण खुशाल वापरा. वॉर्नर बाजूला काढल्यावर या टीमचं काय उरतं, हा मला जास्त रंजक प्रश्न वाटतो.

उरतं ते असं. १९९६ मध्ये टीम फायनलला पोहोचली, मॅच घरच्याच मैदानावर, आणि टॅम्पा बे स्टॉर्मकडून ४२-३८ अशी हरली. १९९७ ला पुन्हा फायनल, यावेळी ॲरिझोना रॅटलर्सकडून ५५-३३. मग फ्रँचायझी विकली गेली आणि २००१ च्या हंगामात ती न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला जाऊन न्यूयॉर्क ड्रॅगन्स झाली.

आता सांगा, १९९६ ची ती फायनल कोण हरलं?

कागदावर बघितलं तर ड्रॅगन्स. फ्रँचायझी तीच, फक्त गाव आणि नाव बदललं. पण डे मॉइनमधल्या माणसाला हे पटणार नाही. कारण त्याच २००१ मध्ये तिथे दुसरी टीम आली, नाव पुन्हा आयोवा बार्नस्टॉर्मर्स, खेळायची मात्र एएफएलच्या धाकट्या लीगमध्ये, एएफ२ मध्ये. एका हंगामात ती थांबली. २००८ मध्ये हेच नाव परत एएफ२ मध्ये उतरलं, नव्या वेल्स फार्गो अरीनामध्ये.

तोवर मोठ्या एएफएलचाच श्वास अडकला होता. २००९ चा हंगाम रद्द, मग दिवाळखोरी. ड्रॅगन्स संपले. २०१० मध्ये एएफ२ मधल्या काही टीमनी आणि इतरांनी मिळून नवी लीग काढली आणि जुन्या लीगचं नाव विकत घेऊन लावलं. त्यात बार्नस्टॉर्मर्स होते. म्हणजे बघा, विकत घेतलेल्या नावाच्या लीगमध्ये परत आणलेल्या नावाची टीम, आणि प्रेक्षकांच्या मनात मात्र १९९५ पासून अखंड चाललेली गोष्ट.

मी एमएससी मायक्रोबायोलॉजीतून आलो, त्यामुळे मला लॅबमधलं कल्चर आठवतं. ट्यूबवरचं लेबल तेच राहतं, पण वर्षानुवर्षं सबकल्चर केल्यावर आतला स्ट्रेन तोच आहे का, हे लेबल वाचून कळत नाही. तपासावं लागतं. तपासायचं कशावर, ते मात्र तुमच्या प्रश्नावर ठरतं. मालकी आणि पैशाचा अभ्यास असेल तर फ्रँचायझीच्या मागे लाँग आयलंडला जा. गाव आणि प्रेक्षकांचा असेल तर डे मॉइनमध्ये थांबा, आणि २००२ ते २००७ ची रिकामी वर्षंही डेटा म्हणून मोजा. दोन्हींची खिचडी केलीत तर व्हायव्हात पहिला प्रश्न तिथेच येणार.

तिसरी वाट खेळाच्या नियमांची, माझी आवडती. २०१५ मध्ये बार्नस्टॉर्मर्स एएफएल सोडून इंडोअर फुटबॉल लीगमध्ये, आयएफएलमध्ये गेले. नाव तेच, अरीना तोच, पण जाळी गायब! आयएफएलमध्ये जाळी नसते. का, तर पेटंट. फॉस्टरच्या पेटंटमुळे एएफएलबाहेरच्या इनडोअर लीगना जाळीशिवाय खेळावं लागलं. मग कोणी म्हणेल, सुटला प्रश्न. थांबा. अमेरिकेत तेव्हा पेटंट मंजुरीपासून १७ वर्षं चालायचं, म्हणजे हे २००७ मध्ये संपलं. आयएफएलचा पहिला हंगाम २००९ चा. कायद्याची अडचण नसतानाही जाळी आली नाही, कारण ज्या दोन लीग एकत्र येऊन आयएफएल झाली त्यांचे नियम, सामान, खेळाडूंच्या सवयी सगळं बिनजाळीच्या खेळाभोवती बसलेलं होतं, असं माझं मत. कारण संपल्यावरही परिणाम टिकतो, याला पाथ डिपेंडन्स म्हणतात. तारखा शेजारी शेजारी मांडल्या नसत्या तर "पेटंटमुळे" एवढ्यावरच आपण खूश झालो असतो. तारखांचा तक्ता करणं हे काम कंटाळवाणं आहे, पण ते आधी करा, थिअरी नंतर.

या बिनजाळीच्या लीगमध्येच २०१८ मध्ये बार्नस्टॉर्मर्स पुन्हा फायनलला उतरले. समोर सू फॉल्स स्टॉर्म, या लीगची दादा टीम. स्कोअर ६९-६८, एका गुणाने बार्नस्टॉर्मर्स जिंकले. वॉर्नर असताना दोनदा हुकलेलं विजेतेपद डे मॉइनला असं मिळालं. ज्या एएफएलमधून ते बाहेर पडले होते, तिने पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, पुन्हा शटर ओढलं.