डोंगराच्या पोटातून जाणारी वाट

निपाणीच्या पेठेतून तंबाखूची पोती भरून निघालेली मालमोटार कागल, कोल्हापूर, कऱ्हाड, सातारा ही गावे मागे टाकीत पुण्याच्या रोखाने जाऊ लागली, म्हणजे सुरूरच्या पुढे तिच्या वाटेत डोंगर आडवा येतो. पुण्याहून सातारकडे येणारी वाहने ह्या डोंगराला वळसे घेत खंबाटकीचा घाट ओलांडतात. पुण्याकडे जाणारी वाहने मात्र डोंगराच्या पोटात शिरतात आणि मिनिटा-दीड मिनिटात पलीकडच्या उजेडात येतात. २००० सालाच्या सुमारास वाहतुकीस खुला झालेला हा बोगदा एक किलोमीटरहूनही कमी लांबीचा आहे. त्यातून जाताना उतारूची झोपही मोडत नाही. परंतु त्या मिनिटभरात माणूस एका अशा जागेतून जात असतो, की जेथे वारा, उजेड आणि पळून जाण्याची वाट ह्यांपैकी काहीही निसर्गाने दिलेले नाही. जे काही आहे ते माणसाने सिद्ध केलेले आहे. ते सिद्ध करण्यास माणूस कसा शिकला, आणि त्या शिक्षणाची किंमत कोणी मोजली, हाच बोगद्यांचा खरा इतिहास होय.

सीमाभागातील लोकांना घाट नवा नाही. निपाणीहून देवगडकडे जाणारा रस्ता राधानगरीवरून फोंडा घाट उतरतो. बेळगावहून सावंतवाडीस जाणारा रस्ता आंबोलीचा घाट उतरतो. एके काळी ह्याच वाटांनी लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून मीठ वर येई आणि धान्य खाली जाई. बैलाला वाट अरुंद चालते, वळणेही चालतात. पुढे चाकाची गाडी आली तेव्हा वाट रुंद करावी लागली. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. तरीही डोंगर फोडून आरपार जाण्याची निकड तेव्हा कोणाला भासली नव्हती. ती भासविली आगगाडीने. आगगाडीच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नाही आणि आखूड वळणही घेता येत नाही. साहजिकच, जेथे डोंगर वाट देत नव्हता तेथे त्याच्या पोटातून वाट काढणे प्राप्त झाले.

बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले व १८६३ साली पुरे झाले. ह्या एका चढणीवर पंचवीस बोगदे खोदावे लागले. पहार, घण आणि सुरुंगाची दारू एवढ्याच साधनांवर काळ्या कातळाशी झुंज चालली होती. सुरुंगाच्या स्फोटांनी, दरडींनी आणि त्याहीपेक्षा पटकीसारख्या साथींनी तेथे हजारो मजूर मरण पावले. कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ साली हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याच्यामागे त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने दोन अभियंत्यांच्या साहाय्याने ते काम तडीस नेले. तिचे नाव इतिहासात राहिले. मजुरांची नावे राहिली नाहीत. घाटातील वाट इंग्रजांना दाखविली अशी ज्याच्याविषयी आख्यायिका आहे, त्या शिंगरोबा धनगराचे छोटे देऊळ मात्र त्या घाटात उभे आहे, आणि येणारे-जाणारे वाहनचालक अद्याप तेथे नाणे वाहतात.

बेळगावकरांच्या शेजारी असाच पराक्रम १८८८ साली घडला. इंग्रज सरकार व पोर्तुगीज सरकार ह्यांच्यामध्ये १८७८ साली झालेल्या करारानंतर मुरगाव बंदरापासून सह्याद्रीच्या माथ्यावरील कॅसलरॉकपर्यंत लोहमार्ग बांधण्यात आला. कुळे ते कॅसलरॉक हा त्यातील घाटाचा टप्पा पूल आणि बोगदे ह्यांच्या मालिकेने पार केलेला आहे. दूधसागरच्या धबधब्यासमोरून जाणारी गाडी पाहावयास आज लोक हौसेने जातात. पण एका अंधारातून निघून दुसऱ्या अंधारात शिरणारी ही वाट शंभराहून अधिक पावसाळे सोसून उभी आहे, ही गोष्ट धबधब्याहून कमी नवलाची नाही.

बोगद्याचा पहिला शत्रू पाणी. दख्खनचा काळा कातळ वरून अभेद्य दिसतो, परंतु तो लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेला आहे. त्या थरांच्या सांध्यांतून व फटींतून पावसाचे पाणी झिरपत असते. दक्षिणेस बेळगावच्या आसपास हा कातळ संपत येतो आणि कॅसलरॉककडे त्याहून फार प्राचीन खडक लागतात. खाली गोव्याच्या बाजूस काही ठिकाणी तर खडक नसून नुसती मऊ, ओली मातीच आहे. १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेला रत्नागिरीजवळ करबुडे येथे साडेसहा किलोमीटरांचा बोगदा खोदता आला. परंतु गोव्यातील पेडणे येथील त्याच्या मानाने कितीतरी लहान बोगद्याने बांधणाऱ्यांना मेटाकुटीस आणले. ऑगस्ट २०२० मध्ये मुसळधार पावसात ह्याच पेडण्याच्या बोगद्याच्या भिंतीचा काही भाग कोसळला. तेव्हा कोकण रेल्वेच्या गाड्या कोणत्या मार्गाने वळविण्यात आल्या? मडगाव, लोंढा, मिरज ह्या मार्गाने. म्हणजे नव्या बोगद्याने दगा दिला तेव्हा त्या गाड्या १८८८ सालच्या घाटातून वर चढून बेळगाववरून पुढे गेल्या. बोगदा एकदा खोदला म्हणजे काम संपले असे नाही. डोंगर त्याला दर पावसाळ्यात नव्याने तपासून पाहतो, हा धडा सीमाभागाच्या दारावरूनच गेला.

मोटारी आल्या तसा दुसरा शत्रू पुढे आला, तो म्हणजे विषारी हवा. मोटारीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्यामुळे माणूस सावध होण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. न्यूयॉर्क येथे हडसन नदीच्या तळाखालून मोटारींसाठी बोगदा काढावयाचा ठरला तेव्हा हा प्रश्न प्रथमच मोठ्या प्रमाणावर सोडवावा लागला. क्लिफर्ड हॉलंड ह्या अभियंत्याने ते काम हाती घेतले; पण ते पुरे होण्यापूर्वी १९२४ साली तो वारला. १९२७ साली खुल्या झालेल्या त्या बोगद्याला त्याचेच नाव देण्यात आले. तेथे चौऱ्याऐंशी प्रचंड पंखे बसविलेले होते. रस्त्याखालच्या पोकळीतून ताजी हवा आत सोडावयाची आणि छतावरच्या पोकळीतून दूषित हवा ओढून घ्यावयाची, अशी ती योजना होती. तिच्यामुळे आतील सारी हवा दीड मिनिटात बदलली जाई. पुढील काळातील लांब बोगद्यांना ह्या योजनेने मार्ग दाखविला.

भारतात डोंगरातील मोठ्या रस्ता-बोगद्याचा मान काश्मीरमधील बनिहालच्या जवाहर बोगद्याकडे जातो. तो २२ डिसेंबर १९५६ रोजी खुला झाला. त्याची लांबी सुमारे पावणेतीन किलोमीटर आहे. हिवाळ्यात बर्फाने बंद पडणारी काश्मीर खोऱ्याची वाट त्यामुळे वर्षभर चालू ठेवण्याची सोय झाली.

पाणी आणि हवा ह्यांच्यावर माणसाने मात केली असे वाटू लागले असताना तिसरा शत्रू उभा राहिला. तो म्हणजे आग. फ्रान्स आणि इटली ह्यांच्यामधील माँ ब्लाँ पर्वताखालचा बोगदा जुलै १९६५ मध्ये खुला झाला. साडेअकरा किलोमीटरांहून अधिक लांबीचा हा बोगदा त्या काळी जगातील एक आश्चर्य समजला जाई. त्यानंतर चौतीस वर्षांनी, २४ मार्च १९९९ रोजी, मैदा आणि मार्गारीन घेऊन जाणाऱ्या एका मालमोटारीने बोगद्याच्या मध्यावर पेट घेतला. मालात दारूगोळा नव्हता, रॉकेल नव्हते. घरोघरच्या स्वयंपाकघरात असावा असाच माल तो. परंतु मार्गारीन वितळून तेलासारखे जळू लागले आणि बोगदा भट्टीप्रमाणे तापला. आग विझावयास दोन दिवसांहून अधिक काळ लागला. एकोणचाळीस माणसे मृत्युमुखी पडली.

त्यांतील बहुतेक माणसे ज्वाळांनी नव्हे, तर धुराने मेली. कित्येक जण आपल्या गाडीतच, काचा लावून, मदतीची वाट पाहत बसले होते. बोगद्यात आसऱ्याच्या खोल्या होत्या. परंतु त्या खोल्यांतून सुरक्षित बाहेर पडावयास वाट नव्हती. पिएर्लुचिओ तिनात्सी हा इटालियन रक्षक आपल्या मोटारसायकलवरून धुरात शिरला आणि एका मालमोटार-चालकासह अशाच एका खोलीत मरण पावला. बोगद्याच्या दोन टोकांना दोन देशांच्या दोन निरनिराळ्या कंपन्यांचे नियंत्रण होते आणि त्यांच्या कामात मेळ नव्हता. २००५ साली फ्रान्समधील न्यायालयाने ह्या प्रकरणी संबंधित व्यक्तींना व संस्थांना दोषी ठरविले. बोगदा तीन वर्षे बंद राहिला. तो पुन्हा उघडला तेव्हा आसऱ्याच्या खोल्या बाहेर जाणाऱ्या मार्गाला जोडलेल्या होत्या आणि दोन्ही टोकांचे नियंत्रण एकत्र आणलेले होते.

ह्याच्या शेजारी स्वित्झर्लंडमधील गोथार्ड बोगद्याची कथा ठेवून पाहावी. हा जवळजवळ सतरा किलोमीटरांचा बोगदा १९८० साली खुला झाला. म्हणजे तो माँ ब्लाँहूनही लांब. परंतु त्याच्या सोबतीने पहिल्यापासूनच एक अरुंद, पायी जाण्याजोगी सुरक्षा-वाट खोदलेली होती आणि तिच्यात शिरण्यासाठी दर अडीचशे मीटरांवर दार होते. ऑक्टोबर २००१ मध्ये तेथे दोन मालमोटारींची टक्कर होऊन भीषण आग लागली. अकरा माणसे दगावली. तथापि कित्येक जण त्या दारांतून शिरून चालत बाहेर आले. दोन बोगदे, दोन आगी. फरक पडला तो दारामुळे. बोगद्याची लांबी किलोमीटरांत सांगण्याची रीत आहे. पण आत अडकलेल्या माणसाच्या दृष्टीने खरी लांबी एकच, ती म्हणजे जवळच्या दारापर्यंतची पावले.

ह्या दुर्घटनांनंतर युरोपीय संघाने २००४ साली आपल्या प्रमुख मार्गांवरील पाचशे मीटरांहून लांब बोगद्यांसाठी सुरक्षिततेचे नियम घालून दिले. भारतातही नवे लांब बोगदे बांधताना हा विचार झालेला दिसतो. जम्मू-काश्मीरमध्ये २०१७ साली खुल्या झालेल्या सुमारे नऊ किलोमीटरांच्या चेनानी-नाशरी बोगद्याला समांतर असा सुटकेचा बोगदा आहे, आणि दोहोंना जोडणाऱ्या आडव्या वाटा आहेत. हिमाचल प्रदेशात रोहतांगखाली ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या अटल बोगद्यात सुटकेची वाट रस्त्याच्याच खाली बांधलेली आहे.

मात्र ही दारे वापरणाऱ्यांसाठी असतात. खोदणाऱ्याच्या वाट्याला ती येतातच असे नाही. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन दिवाळीच्या पहाटे, उत्तराखंडमधील सिलक्यारा येथे खोदला जात असलेला बोगदा मध्येच ढासळला आणि एक्केचाळीस कामगार आत अडकले. नळीतून त्यांना अन्न पुरविले जात होते. मोठे यंत्र ढिगाऱ्यात मोडून पडले. शेवटचे काही मीटर हाताने कोळसा खणण्याची सवय असलेल्या साध्या मजुरांनी खणून काढले, आणि सतराव्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, सर्वच्या सर्व सुखरूप बाहेर आले. बोरघाटाच्या काळी त्यांची मोजदादही कोणी ठेवली नसती. सारा देश श्वास रोखून त्यांच्या सुटकेची वाट पाहत होता, ही दीड शतकातील खरी प्रगती होय.

महाराष्ट्रातही आता बोगद्यांचे दिवस आले आहेत. जुन्या कात्रज घाटात इंग्रजी अमदानीतील एक अरुंद बोगदा आहे. त्याच्या जोडीला महामार्गावर नवे रुंद जुळे बोगदे झाले. २००२ साली पूर्णपणे खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताण, माडप, कामशेत हे बोगदे आहेत, आणि त्याच मार्गावरील घाट टाळण्यासाठी जवळजवळ नऊ किलोमीटरांचा बोगदा खोदण्यात आला. कोकणच्या वाटेवर पोलादपूर आणि खेड ह्यांच्यामध्ये कशेडीचा डोंगर फोडला गेला. खंबाटकीतही तीन-तीन पदरांच्या दोन नव्या बोगद्यांचे काम हाती घेण्यात आले.

खंबाटकीच्या नव्या कामामागे एक दुःखद स्मृती आहे. १० एप्रिल २०१८ रोजी पहाटे विजयपूर जिल्ह्यातील मजुरांना घेऊन पुण्याच्या दिशेने जाणारा टेम्पो खंबाटकीचा बोगदा पार करून पुढे आला आणि त्यानंतरच्या नागमोडी वळणावर कठडा तोडून उलटला. अठरा जीव गेले. पोट भरण्यासाठी परमुलखी निघालेली ती माणसे होती. बोगद्याने त्यांना दगा दिला नाही. बोगद्यातून वेगाने बाहेर आणून सोडणाऱ्या रस्त्याने दिला. म्हणून बोगद्याची सुरक्षितता त्याच्या तोंडाशी संपत नाही. आत शिरण्यापूर्वीचा वेग आणि बाहेर पडल्यावरचे वळण हीदेखील बोगद्याचीच अंगे होत.

ह्या महामार्गावरून निपाणीची तंबाखू, कोल्हापूरचा गूळ आणि बेळगावची भाजी रोज जाते. हा माल मैद्या-मार्गारीनप्रमाणेच घरगुती आणि निरुपद्रवी आहे, आणि गाडी पेटलीच तर तंबाखू व गूळ त्याच्याप्रमाणेच जळतील. अभियंत्याने दार बांधले तरी ते कोठे आहे हे चालकास ठाऊक हवे. आत शिरताना दिवे लावावेत, पुढील गाडीपासून अंतर राखावे, मार्गिका बदलू नये. गाडी बंद पडली किंवा धूर दिसला तर इंजिन बंद करून, किल्ली गाडीतच ठेवून, खाली उतरावे आणि पायी जवळचे दार गाठावे. सामानाच्या मोहाने गाडीत बसून राहू नये. माँ ब्लाँच्या बोगद्यात गाडीत बसून राहिलेल्यांना हे कोणी वेळेवर सांगितले नाही.

बोरघाटातून जाणारे चालक शिंगरोबाला नाणे वाहतात, युरोपातील खाणकामगार बोगद्याच्या तोंडाशी संत बार्बराची मूर्ती ठेवतात, आणि सिलक्यारा येथेही बोगद्याच्या तोंडाशी स्थानिक देवतेचे छोटे मंदिर उभारले गेले होते. डोंगराच्या पोटात शिरताना माणसाचे मस्तक आपोआप लवते, आणि ते योग्यच आहे. पण नाणे वाहून झाल्यावर क्षणभर थांबून ब्रेक आणि दिवे तपासून पाहिले, तर ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत त्या मजुरांचे ऋण थोडेतरी फिटेल. वाट त्यांनी खोदली. तिच्यातून सुखरूप बाहेर येण्याचे काम प्रत्येक प्रवाशावर सोपविलेले आहे.