परचित्तज्ञ नायिका आणि तंजावरची कुरवंजी

दुसऱ्याच्या मनातले न सांगता ओळखणारी स्त्री हे विसाव्या शतकातील अमेरिकन चित्रकथांचे अपत्य आहे, असा समज तौलनिक साहित्याच्या वर्गांतूनही आढळतो. 1958 मध्ये ‘अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्स’मध्ये ‘सॅटर्न गर्ल’ अवतरली आणि 1963 मध्ये स्टॅन ली व जॅक कर्बी यांच्या ‘एक्स-मेन’मधून जीन ग्रे आली, हे खरे. ‘टेलिपथी’ हा शब्दही फ्रेडरिक मायर्स यांनी 1882 मध्ये घडविला, म्हणजे तोही फारसा जुना नाही. परंतु कल्पना शब्दापेक्षा वयाने मोठी आहे. योगसूत्रांच्या विभूतिपादात परचित्तज्ञानाची गणना सिद्धींमध्ये होते. मात्र तिथला सिद्ध पुरुष तपस्वी आहे. परचित्तज्ञ स्त्री रंगभूमीची मध्यवर्ती व्यक्तिरेखा कुठे झाली, असे विचारले, तर उत्तरासाठी तंजावरच्या राजवाड्याच्या परिसरात यावे लागते. तिथे एका मराठी राजाने तिच्या तोंडी मराठी भाषाही घातली.

ही स्त्री म्हणजे कुरत्ती. डोंगरात राहणाऱ्या कुरव जमातीची, काखेत टोपली आणि हातात काठी घेऊन गावोगाव हात पाहत हिंडणारी. तिच्यावरून ‘कुरवंजी’ हा नाट्यप्रकार ओळखला जातो. त्याचा साचा ठरलेला आहे. देवाची किंवा राजाची मिरवणूक निघते. चेंडू खेळणारी नायिका त्याला पाहते आणि विरहाने झुरू लागते. चंद्राला दूषणे देऊन होतात, सखीला धाडून होते. अशा वेळी कुरत्ती येते. आपल्या डोंगराचे वैभव, फिरलेले देश, तिथे मिळालेल्या बिदाग्या हे सारे ती ऐटीत सांगते. मग नायिकेचा हात हाती घेऊन, आपल्या देवतांना आळवून, मनातल्या पुरुषाची ओळख पटविते. नायिका लाजते, कधी रागावते, शेवटी दागिने देते. उत्तरार्धात कुरत्तीचा नवरा, पारधी सिंगन, तिला शोधत येतो आणि अंगावरचे दागिने पाहून संशयाने उलटतपासणी करतो. सर्वांचे मन वाचणारीला नवऱ्याच्या मनातला संशय मात्र बोलूनच फेडावा लागतो! हा विनोद प्रेक्षकांना अतिशय प्रिय असे; मला तो या प्रकारातील सर्वांत शहाणा भाग वाटतो.

या व्यक्तिरेखेचे मूळ संगम साहित्यापर्यंत जाते. ‘कुरुंतोगै’ या संग्रहात औवैयार या कवयित्रीच्या नावावर एक लहान कविता आहे. तीत नायिकेची सखी भविष्य सांगणाऱ्या वृद्धेला, तू आत्ता गायलेल्या त्या डोंगराचे गाणे पुन्हा गा, अशी विनवणी करते. तो डोंगर प्रियकराचा आहे, हे सखीला ठाऊक, घरच्यांना नव्हे. याच परंपरेत ‘वेलन’ नावाचा पुरुष देवऋषीही येतो. मुलगी रोड झाली की तिला मुरुगन लागला असे तो सांगतो, आणि त्याचे निदान चुकते. पुरुषाच्या अंगात देव येतो, पण त्याला मुलीचे मन कळत नाही. स्त्री गाते आणि मर्मावर नेमके बोट ठेवते. ही विभागणी मला महत्त्वाची वाटते. तेलुगू प्रदेशातील वेंकटाचलाच्या कथेत तर स्वतः श्रीनिवासाला पद्मावतीच्या आईकडे जाताना भविष्य सांगणाऱ्या रानटी स्त्रीचेच रूप घ्यावे लागते. ‘एरुक’ म्हणजे जाणणे. ती जाण देवालाही पुरुषवेशात मिरविता आली नाही.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिरिकूटरासप्प कविरायर यांच्या ‘तिरुक्कुट्राल कुरवंजी’ने या प्रकाराला तमिळमध्ये अभिजात प्रतिष्ठा मिळवून दिली. तंजावरच्या भोसले दरबारात तो त्याआधीच रुजू लागला होता. शहाजीराजांच्या काळात (1684–1712) तमिळ, तेलुगू आणि मराठी रंगरचना शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि एकाच नाटकात अनेक भाषा बोलल्या गेल्या तरी कोणाला नवल वाटत नव्हते. भटकणारी कुरत्ती अशा रंगमंचावर सहज शोभते, कारण भाषेची सीमा ओलांडणे हाच तिचा धंदा.

खरा पालट दुसरे सरफोजी (राज्यकाल 1798–1832) यांच्या हातून झाला. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला व वाडा तेवढा उरला. या वाड्यातून त्यांनी ग्रंथालय वाढविले, नवविद्येच्या पाठशाळा काढल्या, देवनागरी छापखाना चालविला. ‘देवेंद्र कुरवंजी’ ही त्यांची मराठी रचना याच उद्योगातली. 1950 साली ती संपादित होऊन प्रसिद्ध झाली. तिच्यातील कुरवंजी पदांतून जगाचा भूगोल सांगते. परंपरेनुसार कुरत्ती आपण फिरलेल्या देशांची यादी देतच असे. सरफोजींनी ती यादी खंडांपर्यंत लांबविली आणि डोंगरातल्या भविष्यवादिनीला नव्या विद्येची शिक्षिका केले.

शेजारी दुसरी एक कुरवंजी ठेवून पाहावी. सरफोजींप्रमाणेच श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या छायेत वाढलेल्या वेदनायक शास्त्री (1774–1864) यांनी तमिळमध्ये ‘बेथलेहेम कुरवंजी’ लिहिली. तिथली नायिका ख्रिस्तासाठी झुरते, आणि त्याच रचनेत नवे खगोलज्ञानही येते. इंदिरा विश्वनाथन पीटरसन यांनी या दोन गुरुबंधूंचा तौलनिक अभ्यास केला आहे. या जोडीकडे पाहताना एक गोष्ट मात्र खटकते. दोन्ही ठिकाणी कुरत्तीचे ज्ञान वाढले, पण जातही बदलले. मनातले ओळखणे मागे पडले आणि पुस्तकात असलेले सांगणे पुढे आले. नायिकेच्या तळहातावर जे लिहिलेले असते, ते कुरत्तीवाचून कोणालाच वाचता येत नाही. नकाशावर जे असते, ते कोणालाही. राजाने तिला जग दिले आणि तिची विद्या काढून घेतली, असे म्हणणे थोडे कठोर होईल, परंतु अगदी चुकीचे होणार नाही. याच राजावर कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर यांनी रचलेली ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ मात्र जुन्या वळणाची आहे. तीत मदनवल्ली सरफोजींवर अनुरक्त होते आणि कुरत्ती तिचे मन ओळखते. बृहदीश्वराच्या उत्सवात देवदासी ती सादर करीत.

येथून अमेरिकन चित्रकथेकडे वळले की साम्यापेक्षा भेद अधिक बोलके ठरतात. सॅटर्न गर्ल ज्या टायटनवरून येते, तिथल्या सर्वांनाच परचित्तज्ञान असते. कुरत्तीप्रमाणे तिचीही विद्या कुळाची आहे. जीन ग्रेचे तसे नाही. प्रारंभी ती केवळ मनोबलाने वस्तू हलविते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस परचित्तज्ञान ही तिला प्रोफेसर झेवियरने दिलेली देणगी म्हणून दाखविले जाते. पुढे 1981 च्या एका कथेत उलगडते की शक्ती मुळात तिचीच होती; तिच्या लहानपणी त्यानेच ती मनात कुलूपबंद केली होती. 2006 च्या ‘एक्स-मेन : द लास्ट स्टँड’ या चित्रपटाने याच सूत्रावर कथा उभारली. ज्ञानी पुरुष स्त्रीच्या जाणिवेला बांध घालतो, आणि बांध फुटला की ती संहारक ठरते. कुरवंजीत असा बांध नाही. कुरत्तीची विद्या कोणाला भिववीत नाही, कारण ती हात धरून, गाणे म्हणून आणि मोबदला घेऊन चालते. सुपरहीरो मोबदला घेत नाही. बहुधा म्हणूनच त्याच्या शक्तीला मर्यादा घालणे इतके अवघड जाते.

एक साम्य मात्र अस्वस्थ करणारे आहे. 1980 च्या दशकातील एक्स-मेन कथांत शासन जन्माने वेगळ्या असलेल्यांची सक्तीने नोंदणी करू पाहते. वाचक ते भविष्याचे दुःस्वप्न म्हणून वाचतो. कुरवांच्या बाबतीत ते घडून गेले होते. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 च्या सुधारणेनंतर मद्रास इलाख्यातही लागू झाला. कोरव आणि येरुकल या जमाती त्याच्या कक्षेत आल्या. नोंदणी, अंगठ्यांचे ठसे, हजेऱ्या आणि बंदिस्त वसाहती त्यांच्या वाट्याला आल्या. ज्या भटकंतीच्या बळावर रंगमंचावरची कुरत्ती राजकन्येसमोर देशांची नावे घेई, तीच भटकंती कागदावर गुन्हा ठरली. 1944 मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्रात ‘कुट्राल कुरवंजी’ नृत्यनाट्यरूपाने उभी केली, तेव्हा हा कायदा अस्तित्वात होता. मद्रासमध्ये तो 1947 मध्ये गेला; योगायोग असा की देवदासी प्रथेवर बंदी घालणारा कायदाही त्याच सालचा. खरी कुरत्ती आणि तिचे सोंग घेणारी नर्तकी, दोघींचेही आयुष्य एका वर्षीच्या दोन कायद्यांनी बदलले. उर्वरित भारतात गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला.

मराठी अभ्यासकाने इथे तंजावरहून महाराष्ट्राकडे पाहणे आवश्यक आहे. कोरव-येरुकलांशी भाषेने जवळचे नाते असलेले कैकाडी महाराष्ट्रात राहतात. त्यांची बोली द्राविडी, तमिळच्या जवळची. परंपरागत व्यवसाय टोपल्या विणण्याचा. एकनाथांच्या भारुडांतून भविष्य सांगणारा जोशी मराठी वाचकाला परिचित आहे, परंतु तोही सोंग आहे. संत त्याच्या मुखाने बोलतात. शहाजींपासून शिवक्कोळुंदु देशिकरांपर्यंत कुरवंजीच्या संहिता रचणारे राजे आणि कवीही असेच कुरत्तीच्या मुखाने बोलले. मराठीत या सोंगामागच्या माणसाने स्वतः लेखणी घेतली ती 1980 मध्ये, लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ या आत्मकथनात. 1981 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला लाभला. ‘उपरा’त टोपली आहे, गाढवे आहेत, पालाचा मुक्काम आहे, गावाने हाकलणे आहे. दुसऱ्याचे मन वाचण्याची विद्या त्यात कुठे येत नाही. गावकऱ्यांच्या चेहऱ्यावरून आज भाकरी मिळेल की मार, हे ओळखणे मात्र पानोपानी येते.