मिसावावर आडवा पडलेला कोबाशी

आमचे आजोबा तरुणपणी तालमीची माती अंगाला लावलेले. मी टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूई लावलं की ते चष्मा पुसत म्हणायचे, “नुरा कुस्ती आहे रे ती.” म्हणजे निकाल आधीच ठरलेला. त्यांचं बरोबरच होतं. पण परवा रात्री डिप्लॉयमेंट संपायची वाट बघत एक जुनी जपानी मॅच तिसऱ्यांदा बघितली, आणि वाटलं, आजोबांना ही एकदा दाखवायला हवी होती.

९ जून १९९५, टोकियोचं निप्पॉन बुडोकान. ऑल जपान प्रो रेसलिंगचे टॅग टीमचे पट्टे पणाला. चॅम्पियन मित्सुहारू मिसावा आणि केंटा कोबाशी. समोर तोशिआकी कावादा आणि अकिरा ताउए.

गोष्ट सुरू होते शाळेत. मिसावा आणि कावादा एकाच हायस्कूलच्या कुस्ती संघातले. मिसावा एक वर्ष पुढे. जपानमध्ये हे सीनियर-ज्युनियरचं नातं शाळेबरोबर संपत नाही. मिसावा आधी कंपनीत आला, मागोमाग कावादा. पुढे मिसावाला ‘टायगर मास्क’चा मुखवटा मिळाला. १४ मे १९९० रोजी भर मॅचमध्ये त्याने जोडीदाराला मुखवट्याची नाडी सोडायला सांगितली आणि मुखवटा काढून टाकला. तो जोडीदार म्हणजे कावादा. महिन्याभरात मिसावाने जंबो त्सुरुतासारख्या दिग्गजाला हरवलं आणि तो कंपनीचा हिरो झाला. नाडी सोडणारा नाडी सोडणाराच राहिला.

१९९३ मध्ये कावादा मिसावाची साथ सोडून ताउएकडे गेला. ताउए मूळचा सुमोवाला आणि कालपर्यंत कावादाचाच शत्रू. ३ जून १९९४ ला कावादा मिसावासमोर एकट्याने उभा राहिला, जबरदस्त लढला आणि हरला. १९९५ च्या जूनपर्यंत मिसावाचे खांदे तीन मोजेपर्यंत मॅटवर टेकवणं त्याला एकदाही जमलं नव्हतं. टॅगमध्येसुद्धा नाही. कंपनीचा मालक जायंट बाबा याने तोवर डिस्क्वालिफिकेशनच्या पळवाटा जवळपास बंद केल्या होत्या. मोठी मॅच म्हणजे कोणीतरी चीत होणारच. त्यामुळे तीनपर्यंतच्या मोजणीला भलतीच किंमत आली होती.

आता मॅच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कावादाच्या लाथेने मिसावाच्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलं होतं, आणि ते खरोखरचं. कोबाशीचा पाय आधीच पट्ट्यांनी बांधलेला. कावादा-ताउए नेमके तिथेच मारतात. कोबाशीचा पाय निकामी केला की मिसावा एकटा पडणार, इतका साधा हिशोब.

आणि मग तो क्षण. मिसावा अर्धवट शुद्धीत पडलाय. कोबाशीला उभंही राहता येत नाही. तो सरपटत येतो आणि मिसावाच्या अंगावर आडवा पडतो. प्रतिहल्ला वगैरे काही नाही, फक्त स्वतःचं अंग मधे घालतो. ते दोघे त्याला तुडवतात, ओढून काढतात. मला इथे दर वेळी कावादाचीही बाजू पटते, हीच या मॅचची गंमत. पाच वर्षं थांबलेल्या माणसाने अजून किती थांबायचं? ४२ मिनिटं ३७ सेकंदांनी, पॉवरबॉम्बनंतर, तो मिसावाला पहिल्यांदा चीत करतो.

पुढचं भराभर सांगतो. १ मे १९९८ ला टोकियो डोममध्ये कावादाने एकेरीचा किताबही मिसावाकडून घेतला. २००० मध्ये मिसावा बहुतेक सगळे पैलवान घेऊन कंपनीबाहेर पडला आणि त्याने ‘नोआ’ काढली. कोबाशी गेला, ताउएसुद्धा गेला. मागे राहिलेल्या मोजक्या लोकांत कावादा होता. आयुष्यभर ज्याच्या सावलीतून निघायचं होतं, तोच निघून गेला.

१३ जून २००९, हिरोशिमा. पुन्हा एक टॅग मॅच. नेहमीचा सुप्लेक्स, हजार वेळा अंगावर घेतलेला. मिसावा मानेवर पडला तो उठलाच नाही. वय ४६. वर्षानुवर्षं ती मान असे डाव झेलत आली होती. त्यांतले काही कावादाने मारलेले, काही ९ जूनच्या त्या रात्रीचे.

त्या शेवटच्या पॉवरबॉम्बला मी हल्ली व्हिडिओ थांबवतो. फ्रेममध्ये मिसावा हवेत असतो, कोबाशी कोपऱ्याबाहेर कुठेतरी. डिप्लॉयमेंट झाल्याचा मेसेज येतो, तो बाजूला सारतो आणि पुन्हा प्ले दाबतो.