हळदीचा कागद आणि केसांचा साबण

हळदीचा डाग पडलेल्या पातळाला साबण लावला की डाग एकदम लालभडक होतो, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. नवी सून घाबरते, सासू म्हणते, उन्हात टाक, जाईल. आजचा विषय आहे केस धुण्याचा इतिहास, आणि तो या लाल डागापासूनच सांगायला हवा.

हळदीचा पिवळा रंग खाराला लागला की लाल होतो, आंबटात मात्र पिवळाच राहतो. हळदीत चुना किंवा टाकणखार घालून घरी कुंकू करायचे ते याच गुणावर. तिकडे युरोपात रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६४ साली वनस्पतींचे रंग आंबटाने आणि खाराने कसे बदलतात यावर पुस्तक लिहिलं. पुढे तिथल्या प्रयोगशाळांत खार ओळखायला हळदीत बुडवून वाळवलेला कागद वापरू लागले. आपल्या डब्यातली हळद त्यांच्या टेबलावर! किती आंबट, किती खार हे आकड्यात सांगायची सोय १९०९ साली झाली. सोरेन्सन नावाच्या डॅनिश संशोधकाने कोपनहेगनमध्ये, एका बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत, पीएचची पट्टी काढली. त्यात ७ म्हणजे मधला आकडा. खाली आंबट, वर खार. एकेका आकड्याचा फरक दहापटीचा असतो.

आता केसांकडे येऊ. केसाच्या वरच्या थरावर कौलांसारखे बारीक खवले असतात. खार लागला की ते उचलले जातात आणि केस खरबरीत होतात, गुंततात. आंबट लागलं की ते बसतात. डोक्याची कातडी मुळात थोडी आंबट, साधारण ५.५. आपल्या आज्या शिकेकाई, रिठा, आवळा, नागरमोथा उकळायच्या. शिकेकाईचं पाणी आंबटसर, म्हणून ते केसांना मानवायचं. नंतर कुणी लिंबाचं पाणी घ्यायचं, कुणी ताक. पीएच हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, पण हाताला कळत होतं.

मग साबण आला. इंग्लंडचा सनलाइट साबण १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला. मुंबईत आर्देशिर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात चरबी न घालता, वनस्पती तेलांचा साबण काढला. चरबीचा साबण न चालणाऱ्या घरांत त्यामुळे साबणाला वाट मिळाली. पण तेल आणि खार यांच्यापासून झालेला कुठलाही खरा साबण खारच असतो, ९-१० च्या घरातला. त्यात आपल्याकडचं विहिरीचं, बोअरचं पाणी जड. जड पाण्यात साबणाची साय धरते, ती केसांवर बसते आणि केस चिप्प होतात. वडीवर शिकेकाईचं चित्र असलं तरी आत साबण असेल तर स्वभाव साबणाचाच. हळद लावून बघा, लाल होईल.

शाम्पू हा शब्द आपल्याच चंपीचा. पाटण्याचा शेख दीन मोहंमद १८१४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रायटनला गेला आणि त्याने तिथे मालिशीचं स्नानगृह चालवलं. तेव्हा शाम्पू म्हणजे मालिशच. आजचा शाम्पू १९३० नंतरचा. त्यात साबण नसतो, दुसरी फेस करणारी रसायनं असतात आणि जड पाण्यात त्यांची साय धरत नाही. मला वाटतं, जाहिरातींपेक्षा याच गुणाने शाम्पू गावोगावी पोचला. १९८३ साली तमिळनाडूतल्या कडलूरहून चिक शाम्पूच्या पुड्या निघाल्या आणि बाटली न परवडणाऱ्या घरांतही तो गेला.

फेसाबद्दल थोडं बोलते. फेस म्हणजे स्वच्छता, असं आपल्या मनात बसलंय. तसं नाही, कमी फेसातही तेल-मळ निघतो. १९५० नंतर युरोपातल्या नद्यांवर फेसाचे डोंगर साचायचे, कारण त्या वेळच्या धुण्याच्या पावडरींतलं रसायन नदीतल्या जंतूंना पचत नव्हतं. पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा केला आणि कारखान्यांना पचणारं रसायन वापरावं लागलं. आपल्या इंद्रायणीवर फेस तरंगताना आपण आळंदीत कितीदा पाहिलाय, वारीच्या दिवसांतही. तो येतो वरच्या अंगाच्या सांडपाण्यातून आणि कारखान्यांच्या पाण्यातून. त्यात आपल्या न्हाणीचंही थोडं असतंच.

आपल्यातले काही बचत गट शिकेकाई पावडर विकायला बघतायत, म्हणून हळदीचा कागद कसा करायचा ते सांगते. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवा, त्यात पांढरा कागद बुडवा, सावलीत वाळवा आणि पट्ट्या कापा. शिकेकाई पाण्यात भिजवून गाळा, पाणी पातळ करा, पट्टीवर थेंब टाका. पिवळी राहिली तर ठीक. लालसर झाली तर कुणीतरी फेसासाठी धुण्याची पावडर किंवा सोडा मिसळलाय. शाम्पूवर पट्टी बहुधा पिवळीच राहते, कारण तो मुद्दाम तसा बनवतात.

पण पट्टी फक्त खार सांगते. काळ्या मेंदीत, केसांच्या रंगात पीपीडी नावाचं रसायन असतं. ते काही जणींना सोसत नाही, चेहरा सुजतो. ते हळदीला कळणार नाही. त्यासाठी रंगाचा थेंब कानामागे किंवा कोपराच्या आत लावून एक दिवस थांबायचं. ही सूचना पाकिटावर छापणं कायद्याने बंधनकारक आहे. मूळ कायदा १९४० चा, औषधांचा. सौंदर्यप्रसाधनं त्यात १९६२ च्या दुरुस्तीने आली. त्याच कायद्याखाली केसांचं तेल, शाम्पू, रंग विक्रीसाठी बनवायला परवाना लागतो, बचत गटालासुद्धा. म्हणून पाकिटं छापायच्या आधी पुण्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन, आपल्या मालाला कुठला परवाना लागेल ते विचारून या. जाताना सगळे घटक, त्यांचं प्रमाण आणि बनवायची जागा एका कागदावर लिहून न्या.