सहकारी पाठनिरीक्षण : निरीक्षकाची निवड
सहकारी पाठनिरीक्षण म्हणजे शिक्षकाने सहकाऱ्याच्या तासाला बसून अध्यापन पाहणे व नंतर त्यावर चर्चा करणे होय. डेव्हिड गॉसलिंग यांनी २००२ मध्ये त्याची मूल्यमापन, विकास आणि समकक्ष समीक्षा अशी तीन प्रारूपे मांडली. तिसऱ्यात दोघेही समान पातळीवर असतात. तेथे निरीक्षक शिक्षकाने स्वतः निवडणे व पुढे भूमिकांची अदलाबदल करणे इष्ट ठरते. त्याच विषयाचा सहकारी आशयातील चुका अचूक टिपतो. पण विषय आधीच ठाऊक असल्याने स्पष्टीकरणात गाळलेली पायरी त्याच्या ध्यानात येतेच असे नाही. गणिताच्या तासाला बसलेला मराठीचा शिक्षक नेमका तेथेच, विद्यार्थ्याप्रमाणे, अडखळतो. जिवलग मित्र दोष सांगण्यास कचरतो. गोपनीय अहवाल लिहिणारे मुख्याध्यापक मागच्या बाकावर असले, की तास बहुधा दाखवण्यापुरता होतो. नेहमीचा राहत नाही.