खुळखुळा, पिपाणी आणि पेटी
खानदेशातील बाळवाद्यांचा मागोवा

गेल्या नाताळपूर्वीच्या एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही देवळाच्या पायरीवर उभे असता धर्मग्रामातील एक तरुण माता आमच्यासमोर आली. कडेवर चार महिन्यांचे बाळ, हातात कापडी पिशवी. पिशवीतून तिने दोन वस्तू काढल्या. एक होता बाळाच्या मामाने मुंबईहून पाठविलेला, बॅटरीवर चालणारा रंगीत पियानो. कळ दाबताच त्यातून एकामागून एक आठ-दहा इंग्रजी धुना निघत. दुसरा होता तिच्या सासूबाईंनी यात्रेतून आणलेला लाकडी खुळखुळा. ‘फादर, पोऱ्यासाठे कोनतं चांगलं?’ असा तिचा प्रश्न होता. घरात यावरून थोडी कुरबूर झाली असावी, हे आमच्या ध्यानात आले. आम्ही घाईत होतो. ‘दोन्ही असू द्या,’ असे म्हणून आम्ही सुटका करून घेतली. पण उत्तर टाळल्याची रुखरुख लागून राहिली. तिला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

खुळखुळ्याची बाजू प्रथम घेऊ, कारण वयाचा मान त्याचा आहे. मोहेंजोदडो व हडप्पा येथील उत्खननांत भाजलेल्या मातीचे पोकळ गोळे सापडले. आत मातीचे खडे, हलविले की वाजावेत. त्यांच्याबरोबर पक्ष्याच्या आकाराच्या मातीच्या शिट्ट्याही मिळाल्या. म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणा कुंभाराने चाकावरचे मडके बाजूला ठेवून लेकरासाठी हा उद्योग केला होता. पवित्र शास्त्रातही या वस्तूची नोंद आहे. दावीद राजा कराराचा कोश घेऊन निघाला, तेव्हाच्या वाद्यांच्या यादीत (2 शमुवेल, अध्याय 6) ‘मनआनिम’ असा एक हिब्रू शब्द येतो. हलविणे या अर्थाच्या धातूपासून तो झाला आहे. पॅलेस्टाईनच्या भूमीत सापडलेले मातीचे खुळखुळे हेच ते वाद्य असावे, असे काही विद्वान मानतात. राजाच्या मिरवणुकीत आणि बाळाच्या मुठीत एकच वाद्य असावे, याचे आम्हांला मोठे कौतुक वाटते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलच्या राजनीतीवरील ग्रंथात आर्किटास या पंडिताच्या खुळखुळ्याचा उल्लेख आम्ही वाचला होता. तेव्हा हसू आले होते. हा आर्किटास इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातला गणिती, टारेंटम नगरीचा सेनापती आणि स्वरांच्या प्रमाणांचा अभ्यासक. ॲरिस्टॉटल म्हणतो, की त्याचा खुळखुळा ही मोठी सोयीची युक्ती आहे. लहान मूल स्वस्थ बसू शकत नाही, हातात हे असले म्हणजे ते घरातली भांडीकुंडी फोडीत नाही. त्याच्या पुढचे विधान अधिक मार्मिक आहे : मोठ्या मुलांना शिक्षण हाच खुळखुळा. आज पन्नाशी ओलांडल्यावर, दर रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गातील गोंगाट ऐकताना, त्या वाक्याचे आम्हांला हसू येत नाही.

आता आपल्या खानदेशाकडे वळू. इंग्रजी अमदानीत 1906 साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव व धुळे. धुळ्यातून 1998 साली नंदुरबार वेगळा निघाला. कागदोपत्री तुकडे झाले तरी तापीकाठचे घर एकच. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून येथे काळा तो काया, डोळा तो डोया आणि खुळखुळा तो खुयखुया. या घरात मुलाच्या कानी पहिला ताल विकतच्या खेळण्यातून पडत नसे. पहाटे आई जात्यावर बसे. त्या जात्याला येथे ‘घरोटा’ म्हणतात, आणि शब्दातच घरघर ऐकू येते. आसोद्याला 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. पण जात्यावर आणि शेतात त्यांनी रचलेली गाणी 1952 साली ग्रंथरूपाने आली, तेव्हा अवघा महाराष्ट्र थक्क झाला. त्या लय कोणाकडून शिकल्या, असे विचारणाऱ्याने घरोटा आणि मोट यांच्याकडे बोट दाखवावे.

बाळाच्या अंगावरही वाद्य असे. पायांत घुंगुरवाळे, कमरेच्या कडदोऱ्याला एखादे घुंगरू. त्यात हौस होती, तसा व्यवहारही होता. स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या आईला रांगते मूल कोठवर पोहोचले, हे न पाहता कळे. आवाज थांबला, की ती उठे. पाळण्यावर रंगीत चिमण्यांचे चिमणाळे टांगलेले असे. पुढे पांगुळगाडा येई. त्याची चाके जितकी खडखडत, तितके मूल अधिक जोमाने पाऊल टाकी. आपण चाललो म्हणून आवाज झाला, हा शोध मुलाला त्या गाड्यामागे लागतो. मामाच्या पियानोत नेमकी हीच गोष्ट नाही, असे आमचे मत आहे. तेथे मूल एकदा बोट लावते आणि पुढे यंत्र गाते. मूल ऐकत बसते, वाजवीत नाही.

पाच-सात वर्षांच्या मुलांची वाद्ये तर झाडांनीच पुरविली. पिंपळाच्या पानाची सुरळी करून पुंगी होते. पावसाळ्याच्या तोंडी उकिरड्यावर आंब्याची कोय रुजून वर येते. ती सोलून दगडावर घासली, की उत्तम पुंगी तयार होते. पपईच्या पानाचा पोकळ देठ कापून पिपाणी होते. मात्र त्याचा चीक ओठांना झोंबतो, म्हणून जाणती मुले देठ आधी धुऊन घेत. गुलमोहराची वाळलेली शेंग म्हणजे फुकटचा खुळखुळा. गाजराच्या पुंगीची म्हण आपण रोज वापरतो. वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, यात बालवाद्यांचे सगळे अर्थशास्त्र आले. ही वाद्ये संध्याकाळपर्यंत टिकत नसत आणि त्याचे कोणाला दुःख नसे. दुसऱ्या दिवशी नवे करता येई. करण्याची कला हातात राही.

मुलींचे वाद्य वेगळे : टिपऱ्या. भाद्रपदात जळगाव भागात घरोघरी गुलाबाई बसते. संध्याकाळी मुली एका घरातून दुसऱ्या घरी जात, टिपऱ्यांवर टिपरी मारीत गाणी म्हणतात. हातभर लाकडाच्या दोन काठ्या. पण समोरच्या मुलीच्या काठीवर ठरल्या क्षणी आपली काठी पडली पाहिजे, एरव्ही बोट सुजते. एकमेकींचे ऐकून वाजविण्याचा इतका स्वस्त धडा दुसरा नसेल. सातपुड्यात होळीपूर्वी भोंगऱ्या बाजार भरतात. चोपडा, यावल, शिरपूर भागांतील पावरा बांधव ढोल व बासऱ्या घेऊन उतरतात आणि लहान पोरे त्यांच्यासोबत नाचतात. पश्चिमेकडे साक्री-नवापूरच्या डोंगरांत भोपळा व बांबू यांची पावरी वाजते. ती फुंकण्यास छातीत दम लागतो, म्हणून मुलांच्या वाट्याला ती उशिरा येते. तोवर ती पाय नाचवून ताल शिकतात.

विकतचे खेळणे यात्रेत मिळे. अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर महाशिवरात्रीला लोक लोटतात. अशा यात्रांतून कागद ताणून बसविलेला मातीचा लहानसा ढोल आणि त्याला दोन चाके, अशी गाडी येई. दोरीने ओढली, की काड्या ढोलावर टकटक पडत. शेजारी मातीच्या वाटीची तार लावलेली सारंगी. विक्रेत्याच्या हातात ती सिनेमाचे गाणे गाई, आणि घरी आणल्यावर मात्र नुसती कुरकुरे! खानदेशातल्या किती बालकांना संगीत ही कष्टाने येणारी गोष्ट आहे हे या सारंगीने शिकविले असेल, देव जाणे.

मग आगगाडी आली. 1860 च्या दशकात जी. आय. पी. रेल्वेचा लोहमार्ग खानदेशातून गेला व भुसावळ हे मोठे जंक्शन झाले. रेल्वेच्या वसाहतींत गोव्याची व अँग्लो-इंडियन कॅथलिक कुटुंबे नांदू लागली. त्यांच्याबरोबर व्हायोलिन आले, माऊथ ऑर्गन आला. जर्मनीतील ट्रॉसिंगेन गावी मॅथियास होनर याने 1857 साली काढलेल्या कारखान्यामुळे हे वाद्य जगभर मुलांच्या खिशात जाऊन बसले होते. पेटीचा प्रवास आणखी मजेदार. पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ याने 1842 साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायाने भाता मारण्याची होती. कोलकात्याचे द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून वाजविण्याजोगे रूप दिले, आणि ती आपल्या भजनांत व मिस्सांत अशी रुळली, की तिचे परदेशी मूळ आपण विसरलो. आकाशवाणी मात्र विसरली नव्हती. तिने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला बंदी घातली होती. पेटीत दोन सुरांमधील श्रुती मिळत नाहीत, हा आक्षेप खोटा नाही. तरीही ज्या खेड्यात दुसरा सूर देणारे कोणी नाही, तेथे मुलांच्या गळ्याला पेटीनेच आधार दिला, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेवरील संविधान प्रसिद्ध केले, त्यात त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेला मान दिला. त्यानंतर तबला, ढोलकी, टाळ देवळात आले. टाळ हाती आलेल्या मुलाला मिस्सा लांबली असे कधी वाटत नाही, हा आमचा अनुभव.

लहान मुलांच्या कानाचे शास्त्र प्रथम नीट मांडले ते मारिया मॉन्टेसरी यांनी. 1907 साली रोममध्ये त्यांचे पहिले बालगृह निघाले. त्यांच्या साधनांत बाहेरून सारख्या दिसणाऱ्या डब्या असतात. आतला आवाज मात्र वेगळा. मुलाने हलवून, ऐकून जोड्या लावायच्या. सहकारी ॲना मारिया माक्केरोनी यांच्या साहाय्याने त्यांनी सुरेल घंटांचा संचही सिद्ध केला. 1939 साली त्या भारतात आल्या व युद्धामुळे येथेच राहिल्या. त्याआधीच गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापून ही दृष्टी आपल्याकडे आणली होती. ताराबाईंनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा परदेशी साधनांची किंमत खेड्याला पेलणार नाही हे ओळखून, गावातच मिळणाऱ्या वस्तूंतून साधने केली. आमच्या बालवाडीसाठी आम्ही हीच वाट धरली. रिकाम्या सारख्या डब्यांत ज्वारी, तूर, वाळू, चिंचोके भरले, झाकणे पक्की चिकटविली. खर्च जवळजवळ शून्य.

येथे एक प्रसंग सांगणे आम्हांला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका कुटुंबातील दहा महिन्यांचे मूल फार ‘शांत’ म्हणून नावाजलेले होते. फटाक्यांनीही उठत नाही, किती गुणाचे! एकदा त्याची आजी स्नानसंस्कारात भेट आलेला खुळखुळा त्याच्या पाठीमागे वाजवीत बसली होती. मूल वळले नाही. तिने उजवीकडे वाजविला, डावीकडे वाजविला. मग पितळी ताट आपटले. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन ती आमच्याकडे आली. तपासणीत मूल जन्मतः बहिरे असल्याचे निघाले. श्रवणयंत्र बसले, शिकवणूक सुरू झाली, आज ते मूल शाळेत जाते व बोलते. घरात दिव्यांचा चमचमाट करणारी खेळणी पुष्कळ होती. त्यांच्याकडे ते हसून पाहत असे आणि सर्वांची समजूत होई, की त्याला ऐकू येते. दिवा नसलेल्या त्या एका साध्या खुळखुळ्याने खरे काय ते सांगितले. शासनाच्या 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी आहे. तरी घरच्या माणसांनी मुलाच्या पाठीमागून, त्याला न दिसता, आवाज करून पाहावा, आणि शंका येताच डॉक्टरांकडे जावे. ‘बोलेल सावकाश, बापही उशिराच बोलला’ असे म्हणण्यात गेलेली वर्षे परत येत नाहीत.

खरेदीविषयी दोन शब्द. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह बंधनकारक आहे; नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. यात्रेतील खुळखुळ्याचा रंग ओल्या फडक्याने पुसून पाहावा. रंग उतरला तर तो तोंडात जाणार. आतले खडे सुटतील अशी फट नसावी. बॅटरीच्या खेळण्याचे झाकण स्क्रूने बंद असावे. बटणासारखी गोल बॅटरी मुलाने गिळली, तर काही तासांत अन्ननलिका जळते. कर्कश खेळणे कानाजवळ धरू देऊ नये. सहा-सात वर्षांच्या मुलास ‘कॅसिओ’ हवा असेल (आमच्याकडे कोणत्याही कंपनीच्या अशा पेटीला हेच नाव), तर आपोआप वाजणारा ठेका बंद ठेवून द्यावा.

त्या मातेला आम्ही नंतर निरोप पाठविला : खुळखुळा आता द्या, पियानो कपाटावर ठेवा. सासूबाई खूष झाल्या असे कळले. मामाचे काय झाले, ते कळले नाही.

आमच्या धर्मग्रामात आणखी एक खुळखुळा आहे. पवित्र गुरुवारच्या गौरवगीतानंतर पुनरुत्थानाच्या जागरणविधीपर्यंत देवळातील घंटा मुक्या राहतात आणि लाकडी खटखट वाजते. ऑस्ट्रिया-जर्मनीतील गावांत या दिवसांत मुलेच लाकडी करकरे घेऊन घरोघर हिंडतात. घंटा रोमला गेल्या, असे त्यांना सांगितलेले असते. आमची खटखट येथल्याच एका सुताराने सागवानाची करून दिली आहे. वर्षातून दोनच दिवस तिचे काम, म्हणून ती वस्त्रागाराच्या कपाटात कुलूपबंद असते. किल्ली कोठे असते, हे सात वर्षांखालील सर्वांना ठाऊक आहे.